रविवारची निवड समिती

आमच्या नांदेडच्या घरात, पुढच्या खोलीत, बरीच वर्षं भारताचा कसोटी संघ निवडला जात असे. खरी निवड समिती मुंबईत बसते. तिला आमच्या समितीची खबर नव्हती. पण मालिका जाहीर झाली की लगेचच्या रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे बैठक भरायची, आणि मुंबईतल्या लोकांपेक्षा इथे गंभीरपणे काम चालायचं, असं मला अजूनही वाटतं.

समितीत चौघे होते. अध्यक्ष माझे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दुसरे चाचा, चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारे. एका डोळ्याला भिंग आणि एका कानाला समालोचन, अशी त्यांची हयात गेली. तिसरे सर. अर्धी नोकरी किनवटकडच्या आश्रमशाळेत करून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. विहारातली रविवारची वंदना आटोपून तसेच पांढऱ्या सदऱ्यात ते येत. चौथे अण्णा, मूळचे देगलूरचे, औषधांच्या दुकानाचे मालक. अण्णा मराठी बोलत, पण आकडे तेलुगूत मोजत.

मी लातूरला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. शनिवारी संध्याकाळी नांदेडला यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. म्हणजे घरी मिळणारा एकच दिवस, आणि त्याच दिवशी ही मंडळी हजर. पहिली काही वर्षं मला राग यायचा. चुरमुऱ्यांचा सुशीला करून पुढे ठेवायचा आणि आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचं, एवढाच माझा समितीशी संबंध. मधलं दार मात्र उघडं असायचं. त्यामुळे इतक्या वर्षांत एकही बैठक माझी चुकली नाही असं म्हणायला हरकत नाही.

समितीचे दोन नियम होते, दोन्ही ह्यांनी केलेले. पहिला असा की ज्या खेळाडूला आपण सलग एक पूर्ण सत्र, म्हणजे दोन तास, पाहिलं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. चौकार-षटकारांची पाच मिनिटांची चित्रफीत धरायची नाही. रंगीत कपड्यांतले झटपट सामने तर नाहीच नाही. दुसरा नियम जास्त कडक होता. जुन्या खेळाडूला वगळायचं असेल तर ज्याने ते सुचवलं त्याने उभं राहून त्या खेळाडूची सर्वांत चांगली खेळी सगळ्यांना सांगायची. मगच त्याच्या नावावर रेघ मारायची. कचेरीतला शिपाई निवृत्त झाला तरी शाल-श्रीफळ देतात, खेळाडूंनी तर देशासाठी उन्हात उभं राहून दिवस काढलेत, असं हे म्हणायचे. त्याचा परिणाम एवढाच झाला की उभं राहायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून मुंबईतल्या समितीने वगळलेली माणसं आमच्या संघात आणखी दोन-दोन वर्षं खेळत राहिली.

मागच्या हिवाळ्यात हे गेले. आजार आठ दिवसांचा होता. मी तोवर निवृत्त होऊन नांदेडलाच आले होते.

आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला वाचता येईनासं झालं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. एकाच पानावर माझी सकाळ जायची. मग मी टीव्ही लावून ठेवू लागले. बातम्या सहन होत नव्हत्या, मालिकांत माणसं फार रडायची. हिंडता हिंडता एका वाहिनीवर राज्याराज्यांचे चार दिवसांचे सामने सापडले. मैदानात प्रेक्षक नाहीत. कुठे एखादा रखवालदार खुर्ची टाकून बसलेला. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. मला ते फार बरं वाटलं. मी भाजी निवडत, नुसती बसून, कधी डुलक्या घेत ते सामने पाहिले. सबंध हिवाळा पाहिले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

पुढे उन्हाळ्यात आपल्या संघातले जुने खेळाडू एकामागून एक निवृत्त झाले. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरा. इंग्लंडचा दौरा तोंडावर होता. वर्तमानपत्रांत संघाची नव्याने बांधणी, तरुणांना संधी, असे मथळे यायला लागले. त्या रविवारी दहा वाजता दाराची कडी वाजली. ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच तिघेही एकत्र आले होते.

मी सुशीला टाकला. तिघे आपापल्या जागी बसले, ह्यांची खुर्ची सोडून. सरांनी बोलायला सुरुवात केली आणि बरंच बोलले, पण सारांश इतकाच की समितीचं काम आता थांबवावं असं तिघांचं ठरलं आहे. चाचांनी पिशवीतून समितीची वही काढून माझ्यापुढे धरली.

"भाभी, ही तुमच्याकडं ठेवा," ते म्हणाले. "साहेब गेले, ते जुने खेळाडू बी गेले. नवीन पोरांची आमाला वळखच न्हाई. कोणाला निवडावं?"

अण्णांनी पुरावाच दिला. नियमात बसणारी नावं ते बोटांवर मोजू लागले. "ओकटी, रेंडू, मूडू…" सहाव्या बोटाशी ते थांबले. पूर्ण सत्र पाहिलेले खेळाडू सहाच उरले होते. बाकीच्या पोरांना तिघांनीही फक्त झटपट सामन्यांत पाहिलं होतं. सहा जणांचा संघ घेऊन इंग्लंडला जाता येत नाही, असं सर म्हणाले, आणि कुणी हसलं नाही.

मी वही घेतली नाही. ती घेतली असती तर ही माणसं चहा पिऊन उठली असती, सणावाराला भेटली असती, आणि माझा रविवार आठवड्यातल्या इतर सहा दिवसांसारखा झाला असता. ते सहा दिवस कसे असतात हे मला माहीत होतं.

"एक पोरगा मी पाहिलाय," मी म्हणाले. "सलामीचा. पूर्ण सत्र."

अण्णांनी विचारलं, "किती काढल्या?"

"अकरा."

"पूर्ण सत्रात अकरा?" अण्णा म्हणाले. "वहिनी, तो खेळून राहिला होता का झोपून?"

सरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. बाहेर जाणाऱ्या चेंडूंचं काय करत होता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एकालाही हात लावला नाही. सकाळी खेळपट्टी ओली होती, दुसऱ्या बाजूने चार गडी गेले, हा तसाच उभा होता. सरांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी वही पुन्हा मांडीवर घेतली आणि खिशातून पेन काढलं.

मग मी सांगत गेले. एक यष्टिरक्षक होता, तो दिवसभर बडबडत असे आणि यष्ट्यांजवळच्या माइकमधून ते सगळं ऐकू येई. गोलंदाजाला दर चेंडूला शाबासकी, पण झेल एकही सोडलेला नाही. एक वेगवान गोलंदाज होता, चौथ्या दिवशी संध्याकाळीही पहिल्या षटकासारखा धावत यायचा. एक फिरकीवाला होता, त्याला षटकार बसला तरी तो पुढचा चेंडू आणखी वर टाकायचा. सर उलटतपासणी घेत होते. किती दिवस पाहिलं, खेळपट्टी कशी होती, समोर कोण होते. ग्रंथालयात परीक्षेच्या दिवसांतसुद्धा मला कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते. बारा वाजेपर्यंत दहा नावं झाली.

अडलं ते पाचव्या क्रमांकावर. तिथला जुना फलंदाज अजून निवृत्त झालेला नव्हता. गेली दोन वर्षं त्याच्या धावा होत नव्हत्या, गुडघाही दुखत होता. पण तो ह्यांचा लाडका. अण्णा म्हणाले, साहेबांसाठी म्हणून तरी त्याला राहू द्या. चाचांनी मान डोलावली आणि नाव लिहायला घेतलंच होतं.

एक नाव लिहिलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. मलाही. पण मी एका डावखुऱ्या पोराला पाचव्या क्रमांकावर सबंध दिवस खेळताना पाहिलं होतं. आणि आणखी एक गोष्ट मला दिसत होती. साहेबांसाठी म्हणून एक नाव लिहिलं की पुढच्या वेळी दुसरं लिहावं लागेल. मग ही शोकसभा होईल. शोकसभेला माणसं दोनदा येतात, फार तर तीनदा.

"त्याला वगळा," मी म्हणाले, आणि नियमाप्रमाणे उभी राहिले.

मी त्याची ती पहिली शतकी खेळी सांगितली. एका शनिवारी हे मला घ्यायला लातूरला आले होते. परतताना आमची एसटी लोह्याला पंक्चर झाली. उतारू समोरच्या चहाच्या हॉटेलात गेले, तिथे टीव्ही चालू होता. हा तेव्हा कोवळा पोरगा, ऐंशीच्या घरात खेळत होता. अर्ध्या तासात चाक बसलं. वाहकाने घंटी वाजवली, पण चालकच हॉटेलातून हलेना. "थांब की, आठच ऱ्हायल्यात," म्हणाला. त्या आठ धावांना पाऊण तास लागला. वाहक रडकुंडीला आला. माळेगावला चढलेल्या एक मावशी वैतागून म्हणाल्या, "हा निसता हुबाच ऱ्हातोय, पळत का न्हाई?" त्यावर हे म्हणाले, "मावशी, उभं राहणं हेच त्याचं काम हाय." मावशी मग पदराची गाठ सोडून, पान लावून, पुढे सरकून बसल्या. शतक झालं तेव्हा सगळ्यांत आधी टाळी त्यांनी वाजवली. नंतर नांदेडपर्यंत अख्खी गाडी त्या एका पोराबद्दल बोलत होती.

घरी पोचल्यावर हे मला म्हणाले होते, "तुला आज खेळ आवडला. तू पुस्तक मिटून ठेवलं होतंस." एवढं मात्र मी सांगितलं नाही.

मी खाली बसले. चाचांनी भिंग पुसायच्या फडक्याने डोळे पुसले.

अण्णाच पहिल्यांदा बोलले. "वहिनी, तुम्ही असं सांगितलं की आता तर त्यालाच घ्यावं वाटून राहिलंय."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मत घेतलं. तीन विरुद्ध एक. अण्णांनी आपला विरोध वहीत नोंदवायला लावला आणि दोनदा वाचून खात्री करून घेतली. डावखुऱ्या पोराचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं.

आठवड्याभरात मुंबईतल्या समितीचा संघ जाहीर झाला. आमच्या अकरांतले आठ त्यात होते, डावखुराही होता. चाचांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढे दिले. पुढे कसोटी सुरू झाली, पोरगा आयुष्यातला पहिला डाव खेळायला आला आणि दुसऱ्याच चेंडूवर बाद झाला. लगेच चाचांचा फोन. "भाभी, तुमचं लेकरू गेलं की. बसलं बी न्हाई."

त्या रविवारी सामन्याचा चौथा दिवस होता. बैठक ठरलेली नव्हती, तरी दहाला तिघे आले. अण्णा तयारीनेच आले होते. विरोध नोंदवलेला आहे, असं त्यांनी दारातूनच बजावलं. दोन तास वाद झाला. चहा तीनदा झाला. मी म्हणाले, तो चेंडू इतका चांगला होता की त्यावर जुनाही गेला असता. अण्णा म्हणाले, जुना गेला असता, पण सावकाश गेला असता. सरांनी दोघांनाही गप्प केलं आणि स्वतःच बोलत बसले.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास अण्णांचा दुकानातून फोन आला. पोरगा दुसऱ्या डावात फलंदाजीला उतरला होता. "लावा टीव्ही," ते म्हणाले. लावलेलाच होता. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही. ते मधेच कुणाला तरी गोळ्या जेवणाआधी की नंतर ते सांगत होते, मी कुकरची शिट्टी बंद करून येत होते. एरवी आम्ही काही बोललो नाही. चेंडू पोराच्या पॅडवर लागला आणि समोरच्या संघाने अपील केलं, तेव्हा दोन्हीकडचा श्वास ऐकू आला. पंचांनी मान हलवली.

"वाचला," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "खेळतोय पण बरा."

चहापानाला तो एकोणीस धावांवर नाबाद होता.