चौथं मत

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या मार्केटात भाजी घेत होते. दहिसरचे त्यांचे शेजारी म्हणाले, "यशवंतराव गेले. सकाळी चहा पिता पिता..." आणि माझ्या तोंडून निघालं, "नक्की का?" त्यांना ते विचित्र वाटलं असणार. पण शाळेची सगळी वर्षं मी मामांकडे काढलेली, दुसरं काय सुचणार? माझे मामा, यशवंत घाडी, कुठलीही बातमी पहिल्या फटक्यात खरी मानत नसत. पापलेटाचे कल्ले उचलून बघायचे. डॉक्टरने गोळी लिहून दिली की दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे "माप घेतल्याबिगर पास करायचा नाय" हा त्यांचा माणसांनाही लागू असलेला नियम होता.

त्यांचा सगळ्यात मोठा संशय मात्र गावाकडच्या खासदारकीवर होता. मामा-मामींनी मतदार यादीतलं नाव कधी दहिसरला आणलंच नाही, ते कोकणातल्या वाडीतच राहिलं. तिथला मतदारसंघ म्हणजे एका घराण्याचं परसू. आधी आजोबा खासदार, मग मुलगा, आणि आता नातू तयारीत. मध्ये झेंडा बदलला, चिन्ह बदललं, घर तेच. समोरचा पक्ष कुणाला तरी उभं करायचा तो केवळ नाव छापायला. गावात लोक कौतुकाने म्हणायचे, धोंडा उभा केला तरी निवडून येईल. मामा म्हणायचे, "मग धोंड्याकच विचारा दवाखान्यात डॉक्टर कित्याक नाय तो." तालुक्याला दवाखान्याची इमारत होती, डॉक्टर नव्हता. माझी आजी, म्हणजे मामांची आई, त्याच इमारतीच्या पायरीवर गेली.

माझ्या लग्नाआधीची गोष्ट, दहिसरला चाकरमान्यांचा मेळावा होता. निवडणूक जवळ आली की खासदार आमच्याकडे यायचेच, कारण मतदानाला मुंबईहून गाड्या भरून न्यायच्या असत. तिथे मामांनी उभं राहून डॉक्टरचं विचारलं. कार्यकर्ते म्हणाले, "काका, बसा ना, जेवणाची वेळ झाली." मामा बसले नाहीत. घरी येऊन मामीला म्हणाले, "मी उभो रवतंय." तिला वाटलं, बसायला खुर्ची मागताहेत. मग समजलं, तेव्हा ती भाकऱ्या थापत राहिली.

मामा खरंच अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं बादली. त्यांचे धाकटे भाऊ नात्याने माझे मामाच, पण मामांच्या मुलांचं ऐकून मीही त्यांना सदाकाका म्हणायचे. सदाकाका गावीच असायचे, ते ती बादली हातात धरून वाडीवाडीत फिरले. मी तेव्हा सुट्टी काढून गेले होते. पिंपळाच्या पारावर मामांनी एकच भाषण केलं, तेही लेथवर काम करावं तसं, थांबत, तपासत. "ते तुमका गाडी देतत, दवाखानो देत नाय. दवाखानो झालो तर गाडयेचे उपकार खय रवतले?" लोक शांतपणे ऐकत होते. कुणी हसलं नाही, कुणी टाळीही वाजवली नाही. मामी शेवटी बायकांत बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

निकाल ठरलेलाच होता, त्याचं मामांना काही वाटलं नाही. त्यांना लागला तो वाडीच्या मतदान केंद्रावरचा आकडा. मुलांची नावं तिथल्या यादीत नव्हती, त्यामुळे घरची मतं चार होती. मामा, मामी, सदाकाका आणि सदाकाकी. बादलीला पडली तीन.

आधी त्यांनी मशीनवर संशय घेतला. मग मोजणाऱ्यांवर. मग एक दिवस त्यांचं माप सदाकाकांवर येऊन थांबलं. काकांच्या मुलाला त्याच सुमारास खासदारांच्या ओळखीने नोकरी लागली होती, तेवढं पुरे झालं. सदाकाकांनी देवावर हात ठेवून शपथ घेतली. मामा म्हणाले, "देवाक मध्ये कित्याक घेतंस?" त्यानंतर गणपतीला गावी जाणं बंद. माझ्या लग्नात दोघे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना उभे होते. मामा निवडणूक हरले त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही... भाऊ हरवला त्याचं वाटत राहिलं.

बाराव्याला सदाकाका आले. दहिसरच्या त्या खोलीत किती वर्षांनी पाऊल टाकलं त्यांनी. थोड्या वेळाने खासदारांचे दोन कार्यकर्तेही हार घेऊन आले, "आमचे दिलदार विरोधक" असं काहीतरी म्हणाले, फोटो काढून घेतला आणि निघाले. माझ्या मनात आलंच, मामा जिवंत असताना यांना पत्ता सापडला नव्हता का? पंगत उठली, पाहुणे पांगले. मामी भिंतीला टेकून बसली होती. ती अचानक म्हणाली, "भावजी, ता मत माझा होता."

काकांना नीट कळलं नाही. मग तिने सांगितलं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या आईला पान लागलं, म्हणजे साप चावला. आजोबा खासदारांची जीप रस्त्याने चालली होती. त्यांनी स्वतः उतरून आईला जीपमध्ये घातलं, जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचवलं. ती जगली, मामीच्या बाळंतपणांना आली. "बटनाफुडे उभी रवलंय आणि माझी आवसच दिसली. माझा बोट बादलीर गेलाच नाय."

"वयनी, तेव्हाच सांगूचा नाय?"

"सांगतलंय, सांगतलंय म्हणत रवलंय. तेंनी अख्ख्या जगार संशय घेतल्यानी. माझ्यार घेतल्यानी असतो तर लगेच सांगितलंय असतंय."

मला वाटलं, सदाकाका आता उठून जातील. ते हळूच म्हणाले, "मी इतकी वर्सां आमच्या हिच्यार संशय घेतलंय, वयनी." आणि डोळे पुसले. त्या रात्री ते दहिसरलाच राहिले.

तो मतदारसंघ सुरक्षित का, याची कारणं मी वर्तमानपत्रांत खूप वाचली आहेत. जात, पैसा, चिन्ह. मला आता वाटतं, तिथल्या घराघरांत अशी एकेक जीप उभी आहे. नातवाचं काय होईल, सांगता येत नाही. त्या जीपमधून गेलेली माणसं आता संपत आली आहेत, आणि दवाखान्यात अजून डॉक्टर नाही.

गेल्या आठवड्यात मी मामीकडे होते. बेल वाजली. मामांनी वर्कशॉपात स्वतः घडवलेली जाड साखळी दाराला आहे. ती न काढता फटीतूनच "काम काय?" असं ते विचारायचे, आणि मामीला त्याची लाज वाटायची. या वेळी मामी उठली. साखळी तशीच ठेवून दार बोटभर उघडलं.

"काम काय?"

बाहेर कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "काकी, नातू साहेब उभे राहताहेत. मतदानाला यायचं हां. गाडी आपलीच आहे, दारातून नेऊ, दारात सोडू."

"मी एसटीन येतलंय," मामी म्हणाली आणि दार लावून घेतलं.