कौलं उचलणारी माकडीण

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी डोळखांबकडच्या पाड्यात आले होते आणि मुलगी तान्ही होती. नवरा शहापूरला कामाला, सासू शेतावर. दिवसभर घरात मी आणि झोळीतली पोर.

माकडं अंगणातल्या आंब्यावर यायची, पण छपराला कधी हात लावत नसत. मग दुसऱ्या टोळीतून एक कान फाटलेला नर आला. त्यानं कौल सरकवलं, माळ्यावरची नाचणीची कणसं ओढली आणि तिथंच बसून खाल्ली. पुढं हे रोजचंच झालं. मी खालून काठी आपटायची, पोर दचकून रडायची.

"एकटाच हाय ना? जाईल कंटाळून," नवरा म्हणाला.

खरंच, बाकीची टोळी नुसती बघायची. दोन तरणे नर त्याच्यामागं छपरावर चढायचे, माद्या मात्र फांदीवरून हलत नसत. शेजारची जाऊ म्हणाली, "त्या नराचं बघून माद्या नाय गो शिकत. त्यांच्यातली म्हातारी शिकली का मग बघ."

तेव्हापासून माझं सगळं लक्ष त्या म्हातारीवर. पोटाशी पिल्लू धरून ती कौलांकडे एकटक बघत बसायची. ती जराशी सरकली तरी मी हातातलं काम टाकून दारात यायची. चुलीवर भात करपायचा.

एका दुपारी ती उतरली. कौलाच्या कडेला बोटं घातली, ते सावकाश उचललं आणि आतलं कणीस तोंडात घातलं. सदा तिच्या अंगाला चिकटून असणाऱ्या तिच्या लेकी लगेच जवळ आल्या, तिचं तोंड हुंगलं आणि शेजारच्या कौलांशी खटपट करू लागल्या. मी पोरीला झोळीतून उचललं आणि बाहेर पळाले. मागं काहीतरी फुटल्याचा आवाज झाला.

जाऊला घेऊन परत आत गेले, तर झोळीत कौलाचे तुकडे पडले होते.

संध्याकाळी नवऱ्यानं ते तुकडे हातात घेतले. लवकरच झोळीच्या खोलीवर पत्रे चढले आणि नाचणी जाऊच्या स्लॅबच्या खोलीत गेली.

तो नर पुढं कुठंतरी निघून गेला. पण म्हातारीच्या लेकींनी पाड्यातलं एकही कौलारू घर सोडलं नाही, आणि मग त्यांच्या पिल्लांनीही. आमच्या पत्र्यावर त्यांच्या उड्या धडाधड वाजायच्या. मुलगी शाळेत जाऊ लागली तरी तो आवाज आला की मी आधी ती कुठं आहे ते बघायची.