धोंडूदादा नको म्हणाला

हे बोलायला आजवर कुणी भेटलं नाही, असं मुळीच नाही. भेटले. बँकेतले मित्र होते, शेजारी होते, एक-दोनदा तर देवळात एकटाच बसलो होतो. तोंड मात्र उघडलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलो तर मान वळवून पुढे जाल — म्हणून तुम्हाला सांगून बघतो. मी थोडा वळसे घेत बोलेन. सरळ बोलता आलं असतं तर हे सगळं घडलंच नसतं.

माझी बायको सुशीला पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत वाढली. मोजकी घरं, म्हशी, शेळ्या, उतारावरची नाचणी. पावसाळा सरला की एखाद्या लख्ख दुपारी तिथून पश्चिमेला, अगदी टोकाला, एक चकाकती रेघ दिसायची. तिचा थोरला भाऊ धोंडूदादा तिला खांद्यावर घेऊन ती दाखवायचा. "त्यो बघ गो समुद्र." तो खरंच समुद्र होता की एखादी खाडी, देव जाणे. सुशीलाच्या मनात मात्र तो तेव्हापासून बसला.

लग्नानंतर मी तिला हरिहरेश्वरला नेलं. ती बराच वेळ किनाऱ्यावर उभी राहिली आणि मग म्हणाली, "हा तर एकाच बाजूला आहे." मी हसलो. तिला चारी बाजूंनी हवा होता. मधे जमिनीचा तुकडा, नारळाची झाडं आणि जिकडे वळावं तिकडे पाणी. माणसाला काय हवंसं वाटेल याचा नेम नसतो. शेजारच्या बायका पैठण्यांचं बोलायच्या, ही बेटांचं.

मी महाडला बँकेत कारकून. आम्हाला काही वर्षांनी एकदा लांबच्या प्रवासाची सवलत मिळायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्याच शाखेतला एक जण अंदमानला जाऊन आला आणि त्यानं फोटोंचा अल्बम घरी दाखवायला आणला. तो अल्बम सुशीला परत द्यायचं नावच घेईना. ते हिरवट-निळं पाणी, ती पांढरी वाळू. दुपारी भांडी झाली की ती पदराला हात पुसून पुन्हा एकेक पान उलटायची. शेवटी मला म्हणाली, "आपणही जाऊ या ना."

मी हो म्हणालो. हो कसला — मी तर कंबरच कसली! मद्रासपर्यंत रेल्वे, तिथून बोट, बोटीवर तीन-चार दिवस, मग बेटं. भिंतीवर नकाशा लावला. रात्री जेवताना आमचं तेच चालायचं. तिनं उन्हासाठी कापडी टोपी शिवली आणि आरशासमोर घालून स्वतःच लाजली. शेजारचे काका चिडवायचे, लोकांना काळ्या पाण्यावर पकडून न्यायचे, आणि तुम्ही पदरमोड करून निघालात होय? ती खळखळून हसायची. तिला इतकं आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, नंतरही नाही.

आणि मी? नकाशावरून बोट नेताना मलाही मजा येत होती. कागदावर पाय भिजत नाहीत.

आता इथे पहिली गोष्ट सांगायला हवी. मला पाण्याची भीती वाटते. महाडच्या माणसानं हे म्हणायचं म्हणजे काय! आमच्याकडे सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की लोक माळ्यावर बसून चहा पितात. पोरं पुलावरून उड्या मारतात. मी लहानपणी घाटाच्या पायरीवरून घसरलो, पाण्याखाली गेलो, कुणीतरी केसांना धरून ओढलं आणि वर आल्यावर सगळे हसले. बस, एवढंच. त्यानंतर मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नाही. हरिहरेश्वरला मी दोघांच्या चपला सांभाळत बसलो. एकदा होडीतून किल्ला बघायला जायचं ठरलं, तेव्हा नेमकं माझं पोट बिघडलं. सुशीलाला कधी संशय आला नाही. ती म्हणायची, तुमचं पोट फार नाजूक आहे हो.

म्हणजे तीन-चार दिवस बोटीवर — चहूकडे तेच. तारीख जवळ यायला लागली तशी माझी झोप उडाली. मला नाही जमणार, एवढं तिला सांगायचं होतं. का नाही सांगितलं? ती हसली असती? नसती हसली. मला माहीत आहे, नसती हसली.

त्याऐवजी एका संध्याकाळी मी विचारलं, "बुंदीचं काय करायचं?"

बुंदी आमची कुत्री. अंगभर तपकिरी ठिपके, म्हणून बुंदी. एसटी स्टँडामागं सापडलेलं पिल्लू. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा तिचे लाड किती व्हायचे ते तुम्हीच ओळखा. एकदा लग्नाला जाताना तिला शेजारी ठेवलं, तर तिनं अन्नाला तोंड लावलं नाही आणि अख्खी आळी जागवली. त्यामुळे प्रश्न खोटा नव्हता. विचारणाऱ्याच्या मनात खोट होती. सुशीला गंभीर झाली. मग म्हणाली, नेऊ या की बरोबर! टोपलीत बसेल, वाळूत धावेल. बेटावर बुंदी कशी दिसेल याचीच ती स्वप्नं बघायला लागली. मी प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, साहेब, त्या बोटीत माणसांनाच उलट्या होतात. मी घरी येऊन चेहरा पाडून हे सांगितलं. आतून सुटल्यासारखं वाटत होतं.

पण सुशीला हार मानणारी नव्हती. "दादाकडे ठेवू," ती म्हणाली. "वाडीत मोकळी राहील. दादा नाही म्हणायचा नाही." वाडीत फोन नव्हता. विचारायला कुणीतरी जायलाच हवं होतं. रविवारी मी निघालो.

पोलादपूरला उतरलो, तिथून जीप, मग चढण. धोंडूदादा गोठ्यात होता. मी विचारलं, आणि तो हसायलाच लागला. "ह्ये काय इचारायला एवढं चढून आलाव, भावोजी? माझ्याकडं तीन हायेत, त्यात चवथी. सुशीलाला सांगा, बिनघोर जा. आमच्या वाटचा समुद्र बी बघून ये म्हणावं." वहिनींनी नाचणीची एक भाकरी फडक्यात बांधून दिली. बुंदीला आधी ही चारा, म्हणजे ह्या चुलीचा वास तिला ओळखीचा होईल, म्हणाल्या. त्यांच्याकडे तशी रीत होती — जनावर नवीन घरी यायच्या आधी त्या घरचं अन्न त्याच्या पोटात जायला हवं.

ती भाकरी घेऊन मी पोलादपूरच्या स्टँडवर बसलो. एक गाडी सोडली. दुसरीही सोडली. एक मरतुकडं कुत्रं समोर येऊन बसलं. मी फडकं सोडलं आणि भाकरी त्याच्यापुढे टाकली. फडकं कचऱ्यात टाकलं. माझं ठरलं ते तिथेच.

घरी सुशीला दारातच उभी होती. मी म्हणालो, "धोंडूदादा नको म्हणाला."

तिला आधी कळलंच नाही. "दादा? की वहिनी?" मी म्हणालो, दादाच. आमची आम्हाला कामं काय कमी आहेत, म्हणाला. तिनं आत जाऊन भात लावला. मी डोंगरात बिबट्या फिरतोय म्हटलं असतं तर? कुणाचाच दोष नसता, आणि डोंगरात कुत्री ठेवायला तीही धजली नसती. हे मला दोन दिवसांनी अंघोळ करताना सुचलं. तोवर भिंतीवरचा नकाशा तिनं स्वतः काढून घडी घालून ठेवला होता.

मला वाटलं होतं, सहल जाईल, चार दिवस रुसवा, मग सगळं पूर्ववत. तिचा भाऊ जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती डोंगरातली, मानी. नाही म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा का म्हणून विचारायला जायचं नाही, हे त्या घरातच शिकलेली. आणि धोंडूदादाही त्याच मातीचा. तो मला बाजारात भेटला, विचारलं, कुत्री आणली नाय ती? मी म्हणालो, रजाच रद्द झाली. सुशी का येत नाय? तिला सवड नाही, मी म्हणालो. त्यानं मान हलवली. बहिणीला आता डोंगर नको झाला, असं त्यानं मनाशी धरलं असणार. पुन्हा विचारलं नाही. दोघांच्या मधे मी उभा होतो आणि दोन्हीकडे खोटं बोलत होतो.

त्या दिवाळीत तिनं भाऊबीजेला आरती तयार केली, तेव्हा मी सुखावलो. वाटलं, दादाला बोलावलंय. ती ताट घेऊन गॅलरीत गेली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. सुशीलानं चंद्राला ओवाळलं. भाऊ तासा-दीड तासाच्या अंतरावर जिवंत, आणि ही बिचारी आभाळाकडे बघत निरांजन फिरवतेय. तेव्हा तरी बोलायला नको होतं का मी? मी पुढे होऊन वाऱ्याला हाताचा आडोसा धरला. नंतर दरवर्षी धरला.

बेटांचं ती पुढे फारसं बोलली नाही. पण पावसाळ्यात सावित्री पसरली की आम्ही पुलावर जायचो. शेतात एक उंचवटा होता, त्यावर एकच झाड. पाणी चढलं की तो मधेच उरायचा. ती त्याच्याकडे टक लावून बघत राहायची, छत्री विसरून. घरी चल म्हटलं की यायची. बुंदी म्हातारी होऊन गेली. आता जाता येईल असं म्हणणं मला भाग होतं, आणि मी म्हणालो. ती म्हणाली, "आता कशाला?" मला हायसं वाटलं. हेही सांगून टाकतो — हायसंच वाटलं.

काही वर्षांनी वाडीतला एक माणूस सकाळीच दारात आला. धोंडूदादा रात्री छातीत कळ येऊन गेला होता. आम्ही मिळेल त्या गाडीनं गेलो. सुशीला चढण चढताना कुठे थांबली नाही. वाडीत पोचलो तेव्हा त्याला बाहेर ठेवलं होतं. ती त्याच्या उशाशी बसली, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली. रडली नाही. वहिनी तिच्या गळ्यात पडून रडल्या.

त्याला नेल्यानंतर बायका घरात गेल्या. मी स्मशानातून परत आलो तेव्हा ती गोठ्याच्या कडेला एकटी होती. ऊन लख्ख होतं. ती पश्चिमेकडे बघत नव्हती, खाली मातीकडे बघत होती. मी जवळ गेलो तशी हळू आवाजात म्हणाली, "एका कुत्रीपायी मी त्याच्याशी एवढी वर्षं बोलले नाही हो. त्यालाही काही अडचण असेल. त्याच्या पायाला हात लावून सांगितलं मी मघाशी, दादा, तू नको म्हणालास ते मी माफ केलं."

आम्ही दोघंच होतो. ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

"बरं केलंस," मी म्हणालो.