भिंतीवरचं भेदरं

फाल्गुन उतरणीला लागला की टमाटरीच्या झाडांना एक विशिष्ट वास येऊ लागतो. पानं खालून पिवळी पडत वर सरकतात, खोडं आधाराची काठी सोडून मातीवर अंग टाकतात, आणि अशा वेळी वाळकी फांदी उपटायला हात घातला की बोटांना जो हिरवा, उग्र, किंचित कडवट गंध चिकटतो तो साबणाला मुळीच दाद देत नाही. आज पहाटे घरामागच्या वाडीत उभी होते तेव्हा तो गंध हाताला होता आणि कुंपणापलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टपटपणाऱ्या मोहफुलांचा गोड, जड सुगंध वाऱ्यावर येत होता. एकाचा हंगाम संपत होता, दुसऱ्याचा सुरू होत होता. मी मधोमध उभी राहून, परीक्षा संपल्यावर वर्गाचा निकाल मनात घोळवावा तसा यंदाच्या भेदरांचा निकाल लावत होते.

भेदरं म्हणजे टमाटर. सिंदेवाहीच्या शाळेत मी पोरांना टोमॅटो शिकवते, बाजारात टमाटर मागते आणि घरात पाऊल टाकलं की भेदरं म्हणते. तीन जागी तीन नावं, पण चव फक्त तिसऱ्यालाच आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

यंदा मी गावठी बियांचाच हट्ट धरला होता. बोराएवढं बारकं भेदरं न पेरताच उगवलं, कुंपणभर पसरलं आणि अखेरपर्यंत थकलं नाही. त्याची दोन-चार फळं वरणात ठेचून टाकली की सगळ्या वरणाला जाग येते. सिरोंच्याकडच्या एका सहकारी बाईंनी प्रेमाने दिलेलं पिवळं भेदरं दिसायला असं देखणं की दिवेलागणीला झाडाखाली उजेड पडल्याचा भास व्हावा, पण आमच्या घरच्यांनी त्याला शेवटपर्यंत कावीळ झालेलं भेदरंच म्हटलं. बिचारं! गोड होतं हाच त्याचा गुन्हा. आठवडी बाजारातल्या एका म्हातारीकडून आणलेलं लांबोडं मात्र पक्कं व्यवहारी निघालं: जाड सालीचं, टिकाऊ, भाजीत मुकाट्याने शिजणारं आणि खाल्ल्यावर आठवणीत न राहणारं. या सगळ्यांवर माझा जीव जडला, नाही असं नाही. पण सारा हंगाम माझा डोळा ज्याच्यावर होता ते झाड वेगळंच होतं, आणि ते आलं होतं एका भिंतीतून.

माझ्या मोठ्या जाऊबाई, सगुणाबाई, इथून जवळच्या खेड्यात राहतात. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. त्या मला मास्तरीण म्हणतात, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. आमच्या सासूबाईंना, ज्यांना आम्ही मामीजी म्हणायचो, त्यांना माहेराहून एक भेदरं आलं होतं. चपटं, हातात भरेल एवढं, अंगावर लुगड्याच्या निऱ्यांसारख्या घड्या घड्या; म्हणून त्याचं घरगुती नाव निरीचं भेदरं. निखाऱ्यावर भाजून, लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, घालून पाट्यावर वाटलं की त्या चटणीसाठी घरातली माणसं दुसऱ्यांदा भात मागत. मामीजींची बी ठेवण्याची रीत इकडच्या सगळ्या जुन्या बायकांची असते तशीच होती. हंगामातलं सर्वांत देखणं फळ पूर्ण पिकू द्यायचं, त्याचा गर चुलीतल्या राखेत कालवायचा आणि स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीवर, सरपणाच्या वरच्या अंगाला, बोटांनी फासून टाकायचा. राख किडीला दूर ठेवते, भिंत ओल शोषून घेते. भाद्रपदात पाऊस रेंगाळू लागला की नखाने खरवडून बी काढायचं. मामीजी गेल्या, पण त्यांच्या बोटांचे करडे फराटे भिंतीवर तसेच राहिले, आणि बाई त्याच जागी, त्याच फराट्यांच्या शेजारी, आपली बोटं फिरवत राहिल्या. भिंतींना मातीचा पोतारा घालतानाही तेवढा तुकडा त्या सोडून देत.

गेल्या उन्हाळ्यात ते घर पाडलं. पाडायलाच हवं होतं. पावसाळ्यात एक बाजू दबत चालली होती, आणि पुतण्या प्रकाश गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला लागल्यापासून आईसाठी स्लॅबचं घर बांधायचं स्वप्न पाहत होता. जुन्या भिंतींची माती नव्या घराच्या जोत्यात भरायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. घराची माती घरातच राहते. बाई स्वतः पदर खोचून घमेली वाहत होत्या, मजुरांना घाई करत होत्या, आणि त्या घाईत बियांची भिंतही इतर भिंतींबरोबर जोत्यात गेली. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मी दुपारी पोहोचले, चहाचा कप हातात घेतला आणि बसायला काही नाही म्हणून एका मोठ्या ढेकळावर खुशाल बसले. उठून साडी झटकताना पाहते तर ढेकळाच्या एका अंगाला राखेचा करडा थर, आणि त्यात चार बोटांचे फराटे! बाईंनी ते पाहिलं. त्यांच्या हातातलं घमेलं खाली आलं. मग जोत्याकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, "बाकीचं गाडलं वो मी. माह्याच हातानं." मी ते ढेकूळ पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, बसने सिंदेवाहीला आणलं. कंडक्टरने त्यात काय आहे म्हणून विचारलं तेव्हा मी 'सासू आहे' म्हणणार होते, जीभ आवरली.

नवं घर सुंदर झालं. गुळगुळीत फरशी, फिकट गुलाबी भिंती, गॅसची शेगडी, खिडकीला जाळी. पण आश्विनाच्या आत प्रकाशचे फोन सुरू झाले. "काकू, आई जेवून नाई राह्यली. डॉक्टरले दाखोलं, त्याईले काही सापडत नाई. इचारलं तर म्हन्ते, पाहुन्यावानी वाटते." मी दोनदा जाऊन आले. बाई स्वच्छ फरशीवर भिंतीला टेकून बसलेल्या असत, पण पाठ पूर्ण टेकवत नसत, रंग खराब होईल म्हणून. ताटात दोन घास भात चिवडून त्या हात आडवा धरत. ज्या बाईने मला नवी नवरी असताना आग्रह करकरून रडकुंडीला आणलं होतं, तिने हात आडवा धरलेला मला बघवत नव्हता. माझ्या मनाने मग एक वेडा हट्ट धरला: त्या ढेकळातून निरीचं भेदरं उगवलं तर बाई जेवतील. शास्त्रात याला आधार नाही, हे मीच पोरांना शिकवते. तरी मनाने धरलं ते धरलं.

खरं सांगायचं तर भाद्रपद उलटला तरी मी ते ढेकूळ भिजवलंच नव्हतं. बी वाळल्या राखेत इतकं घट्ट बसलं होतं की खरवडताना फुटत होतं. भिजवण्याशिवाय उपाय नव्हता. आणि भिजवलं की फराटे विरघळणार होते. बाईंचे वरच्या अंगाला पुसट होते, पण त्यांच्या शेजारी, खालच्या अंगाला, खोल आणि रुंद, मामीजींचे होते. एरवी माझ्याशी धड न बोलणाऱ्या, पण माझ्या पहिल्या बाळंतपणात रात्रंदिवस माझ्या उशाशी बसलेल्या मामीजींचा फोटोही घरात धड नाही. मी ढेकूळ घमेल्यात घालून ओसरीत ठेवलं आणि रोज त्याच्याभोवती फिरत राहिले. शेवटी बाईंचाच फोन आला, भिजवलं का म्हणून. मी कारण सांगितलं. पलीकडून ठणठणीत आवाज आला: "बोटं ठिवून का करशीन तू? मामीजीनं ते बोटं दाखवाले लावले होते का? भिजव मुकाट्यानं!" मी पाणी ओतलं. फराटे आधी गडद झाले, ओल्या मातीत क्षणभर अगदी आताच उमटल्यासारखे उठून दिसले, आणि मग कडेकडेने खचत गेले. मी घमेल्याशेजारी बसून चांगली हमसून रडले.

उगवलं फार थोडं. जी रोपं तगली त्यांतलं एक मुळाशी कुजलं, एक वानरांनी उपटलं. त्या सकाळी मी वानरांना ज्या शब्दांत झोडपलं ते माझ्या वर्गाने ऐकलं असतं तर शाळेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. एक झाड मात्र राहिलं. त्याला मी काठ्या लावल्या, माझी जुनी साडी गुंडाळली, थंडीत गोवऱ्यांचा धूर केला. नवरा म्हणे, पोरांचंही इतकं केलं नाहीस. पौषात फळं धरली, आणि माघाच्या कोवळ्या उन्हात एका फळावर घड्या स्पष्ट दिसू लागल्या. त्या दिवशी मी बाईंना बोलावून घेतलं.

प्रकाशने त्यांना मोटारसायकलवर आणलं. वाळल्या होत्या, लुगडं अंगावर सैल झालं होतं. पण वाडीत पाय टाकताच त्यांचं तोंड सुरू झालं. बारक्या भेदराला म्हणाल्या, "हे तं फुकटात बी महाग हाय, तोडता तोडता कंबर जाते." पिवळ्यासमोर उभं राहून त्यांनी ते हातात फिरवलं, चाखलं आणि माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिलं की मी मान खाली घातली. "मास्तरीण, हे पोट्ट्याईले दे खेळाले." लांबोड्याला त्यांनी जाता जाता एक थाप मारली, बस्. माझ्या साऱ्या हंगामाची समीक्षा एका फेरीत आटोपली होती, आणि मला राग येण्याऐवजी इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

मग त्या निरीच्या झाडापाशी उकिडव्या बसल्या. पिकलेलं फळ तोडून त्यांनी ते पदराला पुसलं, मधोमध फोडलं आणि एक फोड तोंडात टाकली. मनगटावरून रस ओघळत होता, तो त्यांनी पुसला नाही. मी विचारलं, "तेच हाय ना वो बाई? मामीजीचं?" त्यांनी डोळे मिटले, उघडले. "तेच हाय का नाई, आता आठवतच नाई मले," त्या हळूच म्हणाल्या. "हे खाल्लं ना, तं आता हेच आठवून राह्यलं." मला धक्काच बसला. त्या चवीची खात्रीची साक्षीदार या जगात एकट्या बाईच उरल्या होत्या, आणि त्यांनी साक्ष द्यायलाच नकार दिला होता. उरलेली फोड मी खाल्ली. आंबट होती, मागाहून किंचित गोड. मामीजींची चटणी अशी होती का? मलाही नाही सांगता आलं. बाईंनी झाडावरची दोन सर्वांत चांगली फळं मागून घेतली, पदरात बांधली आणि परत गेल्या.

आठवडाभराने प्रकाशचा फोन. आवाज असा की रडावं की हसावं याचा निर्णय झालेला नाही. "काकू, या तुमी. आईनं नव्या भिंतीचं पाहा का केलं." मी लगेच गेले. स्वयंपाकघराच्या मागच्या गुलाबी भिंतीवर हातभर जागेतला रंग विळ्याने खरवडून काढला होता. गुळगुळीत रंगावर राख धरेना, गळून पडू लागली, म्हणून बाईंनी भिंतच खडबडीत करून घेतली होती. राख शेजारणीच्या चुलीतून मागून आणली होती. करड्या लगद्यात बिया चमकत होत्या आणि त्यांतून चार बोटं आडवी फिरली होती. सिमेंटवर राख धरते की नाही याचा विचार करत प्रकाश कारखान्यातल्या माणसासारखा भिंत निरखत होता.

"उभी काऊन हायस?" म्हणत बाईंनी माझा हात धरला आणि राखेच्या वाटीत घातला. "तू बी लाव. माह्ये एकलीचेच बोटं राह्यले तं मंग कोन भिजवन?" मी लावलं. थंड, ओलसर, खरखरीत राख बोटांखालून सरकली आणि त्यांच्या फराट्यांच्या खाली माझे, जरा वाकडे, उमटले.

त्यांनी मागे सरून दोन्हींकडे पाहिलं, माझे वाकडे आल्याबद्दल मला चिडवलं, आणि मोरीवर हात धुता धुता सहज म्हणाल्या, "चाल, ताट घे. भूक लागून राह्यली मले."

प्रकाशने आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांचंही काही खरं नव्हतं. मी भात वाढला. त्यांनी नेलेल्या दुसऱ्या भेदराची चटणी भातात कालवली, आणि मी दुसऱ्यांदा वाढायला गेले तेव्हा त्यांचा हात आडवा आला नाही.