बाबांना चोर ठरवलं

"अगं, पण मी लबाडी केली कधी?"

"तुम्ही नाही हो बाबा, गेमला तसं वाटलं," ताई म्हणाली.

"वाटलं? गेमला काय वाटायचंय!"

बाबा डोळे विस्फारून पडद्याकडे बघत होते. उभा जन्म शिंपीकाम केलं, पण गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा कधी ठेवून घेतली नाही. आणि समोर लाल अक्षरं होती: फसवणुकीमुळे खातं कायमचं बंद.

दूरदेशी गेलेला बाबांचा धाकटा भाऊ, आमचा काका, रोज संध्याकाळी याच गेममध्ये त्यांच्याशी शर्यत लावायचा. फोनवर दोघांचं दोन वाक्यांत आटपायचं. गाड्या पळवताना मात्र एकमेकांची उणीदुणी काढत खदाखदा हसायचे.

कॉम्प्युटर रडतखडत चालतो म्हणून माझ्या ताईनं दुपारी त्यातली विंडोज ही प्रणाली काढून लिनक्स ही दुसरी, हलकी प्रणाली टाकली. गेम सुरूही झाला, पण त्यातल्या लबाडी पकडणाऱ्या पहारेकरी प्रोग्रामला ही अनोळखी व्यवस्था बघून संशय आला आणि त्यानं बाबांनाच चोर ठरवलं.

"नवं खातं काढू या ना," ताई पुटपुटली.

"धाकट्याला काय दिसत असेल आत्ता?"

"तुमच्या नावापुढे... हेच."

बाबांनी खुर्ची पडद्यापासून मागे सारली. "कात्री लावण्याआधी मी गिऱ्हाइकाला दहादा विचारायचो गं. तू एकदा तरी विचारलंस?"

ताईनं पायांत चपला सरकवल्या आणि काकाला फोन लावत ती बाहेर पडली.