ओल खेचणारं मशीन

पदरावरचे ठिपके बाईंनी आधी बोटानं पुसून पाहिले, मग साडी नाकाशी नेली.

"दादा, बुरशी होय हे. गिऱ्हाइकाची लग्नातली साडी आहे, तिले काय सांगू मी? आता एक जरी साडी अशी आली न, तर काम दुसरीकडे देईन. सांगून ठेवते."

बाईंचं जुन्या रेशमी साड्यांचं दुकान आहे. मी रफू करतो. माझं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडूनच येतं. ते गेलं तर नागपुरात राहायला मला दुसरं कारण नाही, आणि वेंगुर्ल्याकडे परत जाऊन करण्यासारखं काही नाही. सातवीत शाळा सोडली तेव्हाच ते कळलं होतं.

नागपूरची हवा कोरडी, असं लोक तोंड वर करून सांगतात. त्यांनी श्रावण-भादव्यात माझ्या खोलीत येऊन झोपावं. घर जुन्या कोष्ट्याचं. माझ्या खोलीत पूर्वी हातमाग होता. विणणारा पाय सोडून बसायचा तो खड्डा मालकांनी माती टाकून बुजवला आणि वर फरशी बसवली. तिथूनच ओल वर येते. कपाट भिंतीपासून लांब घेतलं, कापूर ठेवला, कडुनिंबाचा पाला ठेवला. बुरशी कशालाच भीक घालत नव्हती.

मालकांना मी बाबाजी म्हणतो. त्यांना काही बोलायची सोय नव्हती. एकट्या परमुलखातल्या पोराला कोणी खोली देत नव्हतं तेव्हा त्यांनी दिली. साडीच्या खोचायच्या टोकाचा धागा उपसून त्यानंच फाटकं कसं भरायचं, हे त्यांनी माझा हात धरून शिकवलं. मी जेवतो ते त्यांच्यामुळे. हे रोज आठवतं, आणि खरं सांगायचं तर रोज टोचतं.

म्हणून मशीन घ्यायचं ठरवलं. ओल खेचणारं मशीन असतं एवढंच ऐकलं होतं. सीताबर्डीवरच्या दुकानात गेलो तर विकणाऱ्यानं माझ्या चपलांपासून वर पाहायला सुरुवात केली.

"एसी घेऊन टाका न काका. त्यात ड्राय मोड असते."

"मला गारवा नको. ओल काढायची आहे."

त्यानं पुढ्यात एक पांढरा डबा ठेवला. खोक्यावर सगळं इंग्रजी. वाचता येत नाही हे त्याला कळू नये म्हणून मी खोकं उगाच फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. माझी ही खोड जुनी आहे, आणि तिच्यापायी मी आयुष्यभर फसत आलो आहे.

डब्यानं दोन दिवसांत अर्धा पेला पाणी काढलं. मी तो घेऊन परत गेलो.

"हा कपाटासाठी होय काका. खोलीले काय करन हा?"

"मग घेताना काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं काय? मान तर अशी हलवत होते, जसे कंपनीतूनच आले."

बाजूची दोन पोरं हसली. माझे कान तापले. पण खुर्ची ओढून मी तिथेच बसलो आणि म्हणालो, आता मला येत नाही असं समजून सांग. मला बसलेला पाहून दुसरं गिऱ्हाईक थबकू लागलं तसा तो नाइलाजानं बोलू लागला. खोलीला कॉम्प्रेसरवालं लागतं. खोक्यावरचे लिटर म्हणजे भर दमट हवेत दिवसभरात निघणारं पाणी; आपल्याकडे तेवढं निघत नाही. टाकी भरली की मशीन आपोआप बंद पडलं पाहिजे, नाहीतर पाणी फरशीवर. हवेत किती टक्के ओल ठेवायची, तो आकडा आपल्याला लावता आला पाहिजे. आणि बिघडलं तर दुरुस्तीचा माणूस शहरातलाच पाहिजे. पुण्याला मशीन पाठवणारे मला नको होते. हे सगळं मी साडीच्या चिठ्ठीमागे मराठीत लिहून घेतलं. मग मशीन दुकानातच तासभर चालवायला लावलं. तो दात खात होता. खाऊ दे.

"आकडा किती ठेवायचा?" जाताना विचारलं.

"जितका कमी तितकं चांगलं," तो म्हणाला. माणूस टळावा म्हणून बोललेलं वाक्य. मी ते देववाणीसारखं घेतलं आणि सगळ्यात खालचा, तीसचा आकडा लावला.

ओलीचा आकडा दाखवणारं छोटं घड्याळही आणलं होतं. पाऊस संपत आला तरी त्याचं गणित जुळेना. सकाळी पस्तीस. दुपारी मी साड्या पोचवायला आणि जेवायला बाहेर जाई. संध्याकाळी येऊन पाहावं तर सत्तर, टाकी काठोकाठ, मशीन थांबलेलं. पुन्हा फसलो, असं वाटलं. बाईंकडून नव्यानं आलेली साडी कपाटात होती. भारी जरीची, जुनी, हात लावायला भीती वाटावी अशी.

दुरुस्तीचा माणूस आला. मागची जाळी काढून पाहिली, परत लावली.

"मशीन एकदम ओके आहे काका. पाणी काढून राहिली न? पाणी येऊन कुठून राहिलं, ते पाहा."

दुसऱ्या दिवशी मी दुपारी अर्ध्या वाटेवरून परतलो. दार उघडं. बाबाजी उकिडवे बसून तांब्यातलं पाणी ओंजळीनं फरशीवर शिंपडत होते. कपाटाखाली भिजवलेलं पोतं सरकवलेलं.

"बाबाजी, काय करून राहिले?"

"सूत तुटते गा," ते वर न बघता म्हणाले. "तुही मशीन हवा सुकवून राहिली. रेशीम कडक होते. माहा बाप मागाच्या खड्ड्यात रोज पाणी शिंपे. उन्हाळ्यात दोनदा. तुले नाही समजत ते."

महिनाभर मी मशीनला शिव्या घातल्या होत्या. त्या सगळ्या एकदम तोंडात आल्या.

"तुमचा माग कधीच भंगारात गेला! आता इथे माझं पोट आहे. साडीला बुरशी लागली तर मला कोण खायला घालणार, तुमचा मुलगा?"

मुलगा कचेरीत कारकून आहे आणि बापाशी फारसं बोलत नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोललो.

ते गुडघ्यावर हात देऊन उठले. "खोली माही होय," एवढंच म्हणाले आणि तांब्या घेऊन गेले. संध्याकाळी मी बाजारातून नवं कुलूप आणलं; जुन्याची एक किल्ली त्यांच्याकडे असायची.

आता घड्याळाचा आकडा दिवसभर पस्तीसवर राहिला. मी जिंकलो होतो. तिसऱ्या दिवशी बाईंच्या साडीत सुई घातली तर धागा तुटला. दुसरा उपसला, तोही तुटला. महिनाभर सकाळी सकाळी तुटत होताच. मी धाग्याला जुना म्हणत आलो होतो. साडीची घडी उलगडताना कागदासारखा आवाज आला. मग उठून आकडा पन्नासवर नेला. रात्र गेल्यावर धागा ओढ सोसू लागला.

बाबाजींना सांगितलं नाही.

बाई आल्या तेव्हा साडी ओट्यावर उन्हात धरून त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली, वास घेतला, रफूवरून नख फिरवलं.

"मस्त झालं दादा. ठिपका नाही, अन् रेशीमही कसं नरम राहिलं. काय केलं काय तुम्ही?"

बाबाजी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. कान माझ्याकडे, तोंड रस्त्याकडे.

"मशीन घेतलं," मी म्हणालो. "चांगलं बघून घेतलं."

बाईंनी आणखी चार साड्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. बाबाजी उठले आणि आत गेले.