दार नसलेला एडिटर

"आखो काय जोयजे?" कोणी काहीही मागितलं की नाना चष्मा कपाळावर चढवून हेच विचारायचे. आणखी काय पाहिजे, असं विचारणाऱ्या माणसाकडून सहसा काही मिळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

नाना शिंदखेड्याचे. नव्वदच्या सुमारास आमचं जळगावात छोटं ऑफिस होतं, कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी प्रोग्राम लिहिणारं. त्यात नाना सगळ्यांत वडीलधारे. प्रोग्राम ज्यात टाइप करायचे तो एडिटर त्यांनी स्वतः लिहिला होता. लिहा, शोधा, पुसा, साठवा; संपलं. वीज जाऊन आली की क्षणात उघडायचा. बिचारा कधी अडकला नाही.

आमची तक्रार एकच. ज्याला हवी त्याने आपली कमांड त्यात जोडावी, एवढी सोय द्या. रोज कोणीतरी त्यांच्या टेबलाशी जाऊन भांडायचं. नाना चहा पाजायचे आणि नकार द्यायचे.

"दार ठेवं म्हंजे बठ्ठं गाव घरमा घुसस," म्हणायचे. सगळं गाव आत शिरेल, ही त्यांची भीती अगदीच चुकीची होती असंही नाही.

मग ऑफिसात नवा एडिटर आला. जड, रडतखडत उघडणारा. पण त्यात ज्याने त्याने हवं ते जोडावं. आम्ही सगळे तिकडे वळलो. नानांशी भांडायला कोणी उरलं नाही. घरी एकटा राहणारा माणूस इथेही एकटाच चहा पिऊ लागला. मला ते बघवत नसे.

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. आपल्या एडिटरला त्यांनी दार केलं होतं, तेही वेग जराही कमी न होऊ देता. मी गंमत म्हणून एक कमांड जोडली. बटण दाबलं की आडवी रेघ. नाना हरखले. मग रोज बाकीच्यांना विचारायचे, "कोनी काही टाकं का?" सगळे नाही म्हणून कामाला लागायचे.

पुढे ऑफिस बंद पडलं. नाना धुळ्याला एका खोलीत संगणकाचे क्लास घेऊ लागले. मी भेटायला गेलो तेव्हा शिकायला कोणी नव्हतं. नाना त्याच एडिटरसमोर बसलेले. आणखी कोणी काही जोडलं का, हे विचारायचा मला धीर होईना. तेच म्हणाले, "तुनी रेघ शे ना."

बटण दाबून त्यांनी माझी रेघ दाखवली. मी बसची वेळ झाली म्हणून उठलो. तीच आमची शेवटची भेट. दारातून वळून पाहिलं तर संगणकाचा पडदा रेघांनी भरला होता, आणि नाना अजून बटण दाबतच होते.